पार्ले म्हणजे बोलणे : एका ‘सोप्या’ फ्रेंच क्रियापदाचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्याकरणाचं काय काम? प्रश्न रास्त आहे. क्रियापद चालवायला शिकणं हे आपल्या डोक्यात शाळेच्या बाकाशी जोडलेलं असतं. ज्यांनी संस्कृत घेतलं त्यांना धातू चालवणं आठवेल, ज्यांनी दहावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेतलं त्यांना ते सहा ओळींचं कोष्टक आठवेल. आज आपण ते कोष्टकच समोर ठेवणार आहोत. क्रियापद एकच घेऊ : पार्ले, म्हणजे बोलणे. फ्रेंच शिकताना पहिल्या काही दिवसांतच ते भेटतं, आणि गुरुजी सांगतात, हे नियमित आहे, सोपं आहे, हे एक आलं की हजारो आली. गुरुजींचं म्हणणं खरं आहे. फ्रेंचमधली दहातली सुमारे नऊ क्रियापदं याच घराण्यातली आहेत. पण हा नियमितपणा त्याला जन्मतः मिळालेला नाही. तो कोणी, कसा आणि किती किंमत मोजून आणला, हा आमच्या मते चांगला ऐतिहासिक प्रश्न आहे.

आधी कोष्टक. ज पार्ल, मी बोलतो. त्यु पार्ल, तू बोलतोस. इल पार्ल, तो बोलतो. नू पार्लों, आम्ही बोलतो. वू पार्ले, तुम्ही बोलता. इल पार्ल, ते बोलतात. आता एक गंमत पाहा. आपण हे देवनागरीत लिहिलं आणि सहापैकी चार रूपं एकसारखी दिसायला लागली. देवनागरी साधारणपणे कानाला जे ऐकू येतं ते लिहिते. रोमन लिपीत मात्र यांच्यात तीन वेगळी शेपटं दिसतात : एकाच्या शेवटी नुसता ई, दुसऱ्याच्या शेवटी ई-एस, तिसऱ्याला पुन्हा ई, आणि ‘ते बोलतात’ला ई-एन-टी. ही तीन अक्षरं लिहायची, पण उच्चारायची नाहीत. म्हणजे ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांत कानाला काडीचा फरक नाही. फरक आहे तो कागदावर. हा कागदाचा आणि कानाचा झगडा लक्षात ठेवा, पुढे तो लहान मुलांच्या अंगावर येणार आहे.

मराठी माणसाला इथे आणखी एक अडचण येते. आपल्याकडे ‘बोलते’ म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळतं, ‘बोलतोस’ म्हटलं की समोरचा पुरुष आहे हे कळतं. कर्ता गाळला तरी चालतो. फ्रेंचमध्ये शेपटाचा आवाज गेला, त्यामुळे सर्वनाम गाळायची सोय उरली नाही. ज, त्यु, इल हे पुढे लावावंच लागतं. शेपटाचं काम आता डोक्याकडे आलं आहे.

आता मूळ. रोमन लोक ‘बोलणे’साठी लोक्वी हे क्रियापद वापरत. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश यांपैकी कोणीही ते ‘बोलणे’ म्हणून पुढे चालवलं नाही. त्याची जागा घेतली एका ग्रीक शब्दाने. पाराबोले, म्हणजे शेजारी ठेवणे, तुलना, दृष्टांत. येशू दृष्टांतांतून बोलतो, म्हणून ख्रिस्ती लॅटिनमध्ये हा शब्द प्रवचनाप्रवचनांत आला, आणि होता होता ‘दृष्टांत’चा अर्थ नुसता ‘शब्द’ असा झाला. दृष्टांत देणे म्हणजेच बोलणे. पाराबोलारे हे ते क्रियापद. त्याचं इटालियनमध्ये पार्लारे झालं, फ्रेंचमध्ये पार्ले. स्पॅनिश लोकांनी वेगळी वाट धरली. त्यांचं आब्लार हे ‘गोष्टी सांगणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं. एकाने कीर्तनकाराचा शब्द घेतला, दुसऱ्याने गप्पिष्टाचा, असं म्हणायला हरकत नाही.

हे कुटुंब आपल्या ओळखीचं आहे. मराठी वर्तमानपत्रात रोज येणारा ‘पॅरोल’ हा फ्रेंच पारोल, म्हणजे वचन. कैदी परत येण्याचं वचन देतो आणि सुटतो. ‘पार्लमेंट’ म्हणजे बोलण्याची जागा. आणि ‘ब्युटी पार्लर’मधलं पार्लर ही मुळात मठातली खोली, एरवी मौन पाळणाऱ्यांना पाहुण्यांशी बोलण्याची तिथे मुभा असे. आजच्या पार्लरमध्ये मौन कोणी पाळत नाही, तेव्हा अर्थ फारसा बदललेला नाही. विलेपार्ल्याचा मात्र यात काही संबंध नाही, विचारण्याआधीच सांगून ठेवतो.

या ‘पारोल’वर जरा थांबू. नाम पारोल आणि क्रियापद पार्ले, म्हणजे एकात ‘रो’ आहे आणि दुसऱ्यात नाही. का? कारण जुन्या फ्रेंचमध्ये हे क्रियापद नियमित नव्हतंच. बाराव्या शतकातला माणूस ‘मी बोलतो’साठी ज पारोल म्हणे, ‘ते बोलतात’साठी पारोलंत असं काहीसं, पण ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ आले की पार्लों, पार्लेत्स. लॅटिनमध्ये आघात कुठे पडत होता यावर सगळं अवलंबून. ‘मी’च्या रूपात आघात मधल्या अक्षरावर पडे, म्हणून ते अक्षर ‘रो’ होऊन जगलं. ‘आम्ही’च्या रूपात आघात शेवटाकडे सरके, मधलं अक्षर अंग चोरत चोरत नाहीसं झालं. म्हणजे एकाच क्रियापदाची दोन अंगं. मुलाला आईच्या मांडीवर दोन्ही शिकावी लागत, आणि तो शिकत असे, कारण कोष्टक नव्हतंच.

मग हे सरळ कोणी केलं? कुणा राजाने नाही, कुणा पंडिताने नाही. बोलणाऱ्यांनी. मध्ययुगाच्या उत्तरार्धात लोकांनी ‘पारोल’ सोडून सगळीकडे ‘पार्ल’ लावायला सुरुवात केली. ‘आम्ही’चं अंग ‘मी’ने घेतलं. मौज अशी, की ‘प्रेम करणे’ या क्रियापदात बरोबर उलटं झालं. तिथे ‘मी’चं अंग एम आणि ‘आम्ही’चं आम, अशी जोडी होती. तिथे ‘मी’ जिंकला. आज ते क्रियापद एमे आहे. आमूर आणि आमां, म्हणजे प्रेम आणि प्रियकर, हे शब्द मात्र जुन्या अंगाची आठवण धरून राहिले. एका क्रियापदात अनेकवचन जिंकलं, दुसऱ्यात एकवचन. आम्हाला यात कुठलाही मोठा सिद्धांत दिसत नाही. रोज वापरायची वस्तू हातात बसेल अशी घासली जाते, तसं हे झालं.

भविष्यकाळाचीही अशीच एक घडण आहे. ज पार्लरे, मी बोलेन. हे लॅटिनच्या भविष्यकाळातून आलेलं नाही. पार्ले अधिक ‘आहे’, म्हणजे मराठीत ‘मला बोलायचं आहे’, असे दोन शब्द होते, ते घट्ट चिकटून एक झाले. हे चिकटणं बरंच जुनं आहे. इ.स. 842 मध्ये शार्लमेनचे दोन नातू, लुई आणि चार्ल्स, स्ट्रासबुर्गला भेटले आणि सैन्यासमोर त्यांनी एकमेकांना शपथा दिल्या. जर्मन बोलणाऱ्या लुईने शपथ घेतली ती चार्ल्सच्या सैनिकांना समजावी म्हणून त्यांच्या बोलीत. या शपथेचा मजकूर निथार नावाच्या इतिहासकाराने टिपून ठेवला, आणि फ्रेंच म्हणता येईल असं उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं लेखन तेच. त्यात ‘मी रक्षण करीन’ला साल्वाराइ असं रूप आहे : चिकटलेला भविष्यकाळ, तयार. त्याच्या 29 वर्षं आधी, 813 मध्ये, तूर इथल्या धर्मसभेने ठरवलं होतं, की प्रवचनं लोकांना कळतील अशा बोलीत द्यावीत. म्हणजे लॅटिन समजत नाही हे चर्चने मान्य केलं होतं. दोन्ही वेळा बोलीला मान मिळाला तो एका साध्या कारणासाठी : ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. हजार वर्षांनी हेच तत्त्व उलटं फिरलं.

सोळाव्या शतकापर्यंत शेवटची व्यंजनं बहुतेक गळाली होती. लिहिणारे मात्र ती सोडेनात. छपाई आली, आणि शिकलेल्यांना शब्दाच्या शेवटी लॅटिनचं कूळ दिसायला हवं होतं. ई-एन-टीमधला ‘एन-टी’ हा लॅटिन अनेकवचनाचा अवशेष आहे. लियोंचा लुई मेग्रे याने 1550 मध्ये फ्रेंच व्याकरण लिहिलं, तेही उच्चाराप्रमाणे केलेल्या स्वतःच्या लेखनपद्धतीत. फ्रेंचमध्ये लिहिलेलं हे पहिलं फ्रेंच व्याकरण मानतात. मेग्रेचं व्याकरण टिकलं, लेखनपद्धती बुडाली. आम्हाला मेग्रेबद्दल थोडी माया आहे. तो जिंकला असता, तर पुढच्या पिढ्यांचे किती तास वाचले असते! सुधारणा झाल्या त्या मुंगीच्या पावलांनी. भूतकाळातलं ‘बोलत असे’ हे रूप ओ-आय घालून लिहीत आणि उच्चार मात्र ‘ए’ करीत. व्हॉल्तेअरने ए-आय लिहिण्याचा हट्ट धरला. अकादमीच्या कोशाने ते मान्य केलं 1835 मध्ये, म्हणजे व्हॉल्तेअर जाऊन 57 वर्षं झाल्यावर.

आता राज्यसंस्थेकडे येऊ. 1539 मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने विलेर-कोत्रे इथे हुकूम काढला, की न्यायालयीन कागदपत्रं फ्रेंचमध्येच व्हावीत. त्याचा मुख्य रोख लॅटिनवर होता. शेतकरी घरात काय बोलतो याच्याशी राजाला कर्तव्य नव्हतं. ते कर्तव्य क्रांतीला वाटलं. आबे ग्रेग्वार या धर्मगुरू-लोकप्रतिनिधीने 1790 मध्ये देशभर 43 प्रश्नांची एक प्रश्नावली पाठवली : तुमच्याकडे कोणती बोली आहे, ती नष्ट करण्याचं महत्त्व काय, वगैरे. जून 1794 मध्ये त्याने अहवाल वाचला. त्याच्या अंदाजाने किमान 60 लाख फ्रेंच नागरिकांना फ्रेंच येत नव्हती, तितक्याच लोकांना धड संभाषण करता येत नव्हतं, आणि शुद्ध बोलणारे 30 लाखांपेक्षा जास्त नव्हते. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन कोटींच्या घरात. विचार करा, ‘आम्ही फ्रेंच राष्ट्र’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ‘आम्ही बोलतो’ हे फ्रेंचमध्ये नीट म्हणता येत नव्हतं.

ग्रेग्वारला खलनायक ठरवायची घाई करू नका. ज्यूंना नागरिकत्व मिळावं, गुलामगिरी संपावी म्हणून झगडलेला हा माणूस. कायदा ज्या भाषेत लिहिलाय ती भाषा येत नसेल तर नागरिक सावकाराच्या आणि भटजीच्या हातात राहतो, असं त्याचं म्हणणं. हे खोटं नाही. पण त्यावरचा उपाय म्हणून त्याच्या अहवालाच्या नावातच बोल्या ‘नष्ट’ करण्याची भाषा आहे. लोकांना एक जास्तीची भाषा द्या, असं तो म्हणाला नाही.

क्रांतीकडे ना शिक्षक होते ना पैसा. ते यायला शतक लागलं. 1833 चा गिझोचा कायदा, मग ज्यूल फेरीचे 1881 आणि 1882 चे कायदे : प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचं, धर्मनिरपेक्ष. दरम्यान 1842 मध्ये बेशरेल बंधूंनी आठ हजार क्रियापदांचा कोश काढला होता. त्यांचं आडनाव फ्रान्समध्ये आज पुस्तकाचं नाव झालंय. ‘बेशरेल बघ’ म्हणजे क्रियापदाचं कोष्टक बघ.

तर 1880 च्या दशकातली, ब्रिटनी प्रांतातली एखादी शाळा डोळ्यांपुढे आणू. मूल सहा वर्षांचं. घरी ब्रेतों बोलतात, फ्रेंचशी तिचा सख्खा-चुलत काही संबंध नाही, ती केल्टिक भाषा. फळ्यावर कोष्टक. पोरं एका सुरात म्हणतात : ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल. इथवर फार कठीण नाही, कारण ब्रेतोंमध्येही कर्ता आधी आला की क्रियापद बदलत नाही : मे आ गोम्झ, ते आ गोम्झ, मी बोलतो, तू बोलतोस, ‘गोम्झ’ तसंच. कानाने हे मूल फ्रेंच क्रियापद लवकर पकडू शकतं. अडतं ते पाटीवर. जे ऐकू येत नाही ते लिहायचं. पार्ले असा उच्चार झाला, तर तो ‘बोलणे’ आहे, ‘बोललेलं’ आहे, की ‘तुम्ही बोलता’ आहे? तिन्हींचा उच्चार एकच, शेवटची अक्षरं तीन तऱ्हांची. प्राथमिक प्रमाणपत्राच्या परीक्षेत श्रुतलेखन असे आणि त्यात पाच चुका म्हणजे शून्य. पोस्टात, रेल्वेत चिकटायचं तर ते प्रमाणपत्र हवं. शेतमजुराच्या पोराचं नशीब न ऐकू येणाऱ्या एस आणि एन-टीवर टांगलेलं असे.

आणि मधल्या सुट्टीत ‘सांबोल’. म्हणजे खूण. लाकडाचा तुकडा, कधी जुना लाकडी जोडा, दोरीने गळ्यात. ब्रेतों बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात ती पडायची, आणि सुटायचं असेल तर त्याने दुसऱ्या कुणाला तरी बोलताना पकडायचं. दिवसअखेर ती ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. पोरं तिला ‘गाय’ म्हणत. पिएर-जाकेझ एलियास याने 1975 च्या आपल्या आत्मकथनात हे तपशिलाने लिहिलंय. ही पद्धत ज्यूल फेरीच्या कायद्यात कुठेही नव्हती. तिचं मूळ जुन्या लॅटिन पाठशाळांत सापडतं, तिथे लॅटिन सोडून मातृभाषेत बोलणाऱ्याला अशीच खूण मिळे. ऑक्सितां बोलणाऱ्या दक्षिणेत ती होती, पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच शाळांतही पोहोचली. ‘बोलणे’ हे क्रियापद शिकवायचं आणि बोलणाऱ्यालाच धरायचं, याहून विचित्र व्याकरणाचा तास आम्हाला माहीत नाही.

पण मंडळी, गोष्ट इतकी सरळ नाही. गळ्यात खूण घालणारे मास्तर पुष्कळदा स्वतः ब्रेतोंभाषक घरातले. त्यांनाही कधीतरी ती मिळालेली. आणि आईबाप? अनेकांना फ्रेंच हवीच होती. मुलीला पॅरिसमध्ये घरकामाला जायचं, मुलाला नौदलात. शाळेने मारलेल्या फटक्यांपेक्षा मोठी गोष्ट पुढे घडली, आणि ती घरात घडली. विसाव्या शतकाच्या मध्याला ज्या आया स्वतः खूण घालून हिंडल्या होत्या, त्यांनी मुलांशी ब्रेतोंत बोलणं बंद केलं. नवऱ्याशी ब्रेतों, म्हाताऱ्यांशी ब्रेतों, मुलाकडे वळलं की मोडकीतोडकी फ्रेंच. शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांहून जास्त लोक ही भाषा बोलत. आज आकडा एक-दोन लाखांवर आलाय, आणि त्यांत म्हातारे पुष्कळ. कायद्याने भाषा मरते असं आपण सहज म्हणून जातो. आमचं मत असं, की कायदा लाज पेरतो, बाकीचं काम लाज करते. दक्षिण फ्रान्समध्ये तर या सगळ्या प्रकाराला नावच ‘व्हेरगोन्या’ पडलंय, म्हणजे लाज.

1883 मध्ये, म्हणजे सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानंतर वर्षभराने, पॅरिसमध्ये आलियांस फ्रांसेझ स्थापन झाली. वसाहतींत आणि परदेशांत फ्रेंच पसरवणं हे तिचं काम. मुंबई-पुण्यातली मुलं आज हौसेने, फी भरून तेच कोष्टक शिकतात. गळ्यात काही पडत नाही, दुसरी भाषा सोडावी लागत नाही. कोष्टक तेच, पण शिकणाऱ्याची परिस्थिती किती वेगळी असू शकते ते पाहा.

या काळात भाषा काही गप्प बसली नव्हती. शाळेने रूपं शिकवली, लोकांनी ती टाकली. ज पार्ले, ‘मी बोललो’ हे साध्या भूतकाळाचं रूप पुस्तकांत राहिलं. तोंडी ‘माझ्याकडे बोललेलं आहे’ अशा थाटाचं जोडरूप आलं. ‘मी बोलावं’चं भूतकाळी रूप पार्लास इतकं अवघडलेलं, की 1901 मध्ये शिक्षणमंत्री लेग यांच्या आदेशाने काही वाक्यांत त्याच्या जागी सोपं रूप चालवून घ्यायला परवानगी दिली. आणि ‘आम्ही बोलतो’, नू पार्लों? रोजच्या गप्पांत ते फारसं ऐकू येत नाही. लोक म्हणतात, ओं पार्ल. ‘ओं’ हा लॅटिनमधल्या ‘माणूस’ या शब्दावरून आलेला. आपण ‘माणसाने काय करायचं?’ म्हणतो आणि अर्थ ‘मी काय करू?’ असतो, तसं. म्हणजे बोलीत सहापैकी पाच रूपं आता पार्ल, वेगळं उरलं ते फक्त ‘तुम्ही’. ज्यांनी पारोल घासून पार्ल केलं, त्यांच्याच वंशजांनी घासणं चालू ठेवलंय. नवी क्रियापदं येतात तीही याच साच्यात : तेलेफोने, गुगले. ‘प्रश्न सोडवणे’साठी असलेलं रेझूद्र चालवताना जीभ अडखळते, म्हणून लोकांनी सोल्युसिओने असं नियमित क्रियापद पाडलं. शुद्धतावादी नाकं मुरडतात, लोक वापरतात.

ब्रेतोंचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. 1951 च्या देक्सोन कायद्याने ब्रेतों, बास्क, कातालान आणि ऑक्सितां यांना शाळेत थोडीशी जागा मिळाली, तीही ऐच्छिक. 1977 मध्ये काही पालकांनी ‘दिवान’ नावाच्या शाळा सुरू केल्या. दिवान म्हणजे अंकुर. तिथे बहुतेक विषय ब्रेतोंत शिकवतात. 1992 मध्ये राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात वाक्य घातलं गेलं, की प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे. 2008 मध्ये प्रादेशिक भाषा फ्रान्सच्या वारशाचा भाग आहेत असंही कलम आलं. एप्रिल 2021 मध्ये संसदेने, म्हणजे त्या ‘बोलण्याच्या जागेने’, प्रादेशिक भाषांसाठी मोलाक कायदा मंजूर केला, आणि मे महिन्यात घटना परिषदेने त्यातली पूर्णपणे प्रादेशिक भाषेत शिकवण्याची तरतूद रद्द केली, दुसऱ्या कलमाचा आधार घेऊन. दिवानच्या शाळा चालू आहेत. मे आ गोम्झ, ते आ गोम्झ हे तिथली मुलं वर्गात म्हणतात; त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आईबापांना मात्र ते म्हणता येत नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.